फुलांतला देव आणि घरांतला देव

घरांतील कर्त्या पुरुषानें धर्म बदलला म्हणजे त्या घरावर पूर्वीं काय ओढवत असे, हें एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस सांगावयास नको. अशा काळांत, १८९५ सालीं, नारायण वामन टिळकांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. ते कोंकणांतले ब्राह्मण, संस्कृताचे व्यासंगी आणि नामांकित कवि. आगगाडीच्या प्रवासांत एका युरोपीय गृहस्थानें दिलेला नवा करार त्यांनीं वाचला, आणि त्यांतील डोंगरावरील प्रवचनानें त्यांच्या मनाचा ठाव घेतला.

त्या प्रवचनांत ईश्वरी प्रेमाचा पुरावा म्हणून तर्कशास्त्र मांडलेलें नाहीं; रानांतल्या फुलांकडे आणि आकाशांतल्या पांखरांकडे बोट दाखविलें आहे. ज्यांना पेरणी नाहीं, कोठार नाहीं, त्यांचाही योगक्षेम चालतोच. गीतेच्या नवव्या अध्यायांतील योगक्षेमाचें आश्वासन ज्यांना मुखोद्गत आहे, त्यांस हा विचार परका वाटूं नये. तुकोबांच्या वाटेनेंच आपण ख्रिस्तापाशीं पोंचलों, असें टिळकही सांगत.

पुढें त्यांचें वास्तव्य अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, झालें. हा मुलूख पर्जन्यछायेंतला. येथें कोंकणची हिरवळ नाहीं. उघडे माळ, ज्वारीचीं शेतें आणि बांधावर पिवळा फुललेला तरवड. अशा भूमींत सृष्टीचें कौतुक करावयास डोळसपणा लागतो. टिळकांपाशीं तो होता, म्हणूनच ‘वनवासी फूल’ लिहिणाऱ्या या कवीस महाराष्ट्रानें ‘फुलामुलांचे कवि’ म्हटलें. १९०७ च्या जळगांव कविसंमेलनानंतर बालकवि ठोंबरे नगरास त्यांच्याच घरीं राहिले. बालकवि हिंदूच राहिले, तरी त्या घराची माया त्यांना लाभली.

परंतु फुलांत देव पाहणें त्या मानानें सोपें. फुलें कांहीं विचारीत नाहींत. घरांतलें माणूस विचारतें. टिळकांच्या निर्णयाची किंमत लक्ष्मीबाईंनीं मोजली. सोवळ्याओवळ्यांत वाढलेली ही स्त्री मुलासह जवळजवळ पांच वर्षें पतीपासून दूर राहिली. देवाचें प्रेम शोधावयास निघालेल्यानें घरांतले अश्रू मोजले होते काय, हा प्रश्न आम्हांस टाळतां येत नाहीं.

त्याचें उत्तर कोणत्याही व्याख्यानांत मिळत नाहीं. मिळालें तर लक्ष्मीबाईंच्या पुढील आयुष्यांत मिळतें. पतीकडे परतल्यावरही त्यांनीं आरंभीं आपलें पाणी व स्वयंपाक निराळा ठेविला. जात देवानें केली कीं माणसानें, याचा त्यांनीं स्वतःच विचार केला, आणि माणसानें केली असें पटतांच त्या सर्वांच्या हातचें खाऊं-पिऊं लागल्या. १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. दुष्काळानें पोरकीं झालेलीं मुलें त्यांनीं सांभाळलीं. नगरास प्लेग आला तेव्हां छावणींत राहून रोग्यांची शुश्रूषा केली. पतीच्या पश्चात् त्यांचें अपुरें ‘ख्रिस्तायन’ या शाळा न शिकलेल्या बाईनें पूर्ण केलें, आणि ‘स्मृतिचित्रें’ लिहून मराठी गद्यास अलंकार चढविला. त्या ग्रंथांत ते दुःखाचे दिवस आहेत, पतीच्या विक्षिप्तपणाच्या कथा आहेत. परंतु कडवटपणा औषधालाही नाहीं. हें आम्हांस मोठेंच नवल वाटतें.

आमची श्रद्धा आमच्या पूर्वजांची आहे आणि ती तशीच राहील. तथापि श्रद्धा कोणतीही असो, तिची परीक्षा एकच, असें आमचें मत झालें आहे. देवाच्या प्रेमाची ओळख पटलेल्या माणसाच्या माजघरांत कोणास पाणी मिळतें, आणि ज्यानें आपणांस दुखविलें त्याची आठवण तें माणूस कोणत्या शब्दांत सांगतें, एवढें पाहावें. माळावरच्या फुलास पाऊस जात विचारून येत नाहीं. हें कवितेंत सांगितलें टिळकांनीं. घरांत आचरून दाखविलें लक्ष्मीबाईंनीं.