नवं घर, नवी नदी

मित्रांनो, तुमच्यापैकी किती जणांनी घर बदललंय? ज्याने बदललंय, त्यालाच त्यातली गंमत आणि त्यातलं दुखणं ठाऊक. सामान टेम्पोत चढत असतं तोवर भारी मजा वाटते. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, कपाटामागे हरवलेली गोटी सापडते. पण नव्या घरात पहिल्या रात्री दिवा मालवला की मग कळतं! खिडकी नेहमीच्या बाजूला नसते. अंधारात पाण्याचा माठ सापडत नाही. बाहेर कुत्रं भुंकतं, तेसुद्धा अनोळखी.

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. आमच्या नोकरीत बदली ही ठरलेलीच. सात वर्षं आम्ही सातारा जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, माण तालुक्यात म्हसवडजवळच्या एका गावात होतो. मग बदली झाली ती पार पश्चिमेला, वाई तालुक्यात. वाईच्या मधल्या आळीत एका जुन्या वाड्यातल्या दोन खोल्या आम्हाला भाड्याने मिळाल्या. दिवाळीची भाऊबीज उरकली आणि आम्ही सामान हलवलं. शाळा उघडायला एक आठवडा होता. मुलांच्या बाबांनीही तेवढीच रजा काढली. मी सगळ्यांना सांगून टाकलं, “या आठवड्यात घाई करायची नाही. दुपारी बारापर्यंत सामान लावायचं, जेवायचं, आणि मग गाव बघायला बाहेर पडायचं. उरलेलं सामान कुठे पळून जात नाही.”

धाकटा दुसरीत आहे. त्याला काय, नवी जागा म्हणजे नवं मैदान! तासाभरात त्याने वाड्याचा दिंडीदरवाजा, जिन्याखालचा अंधारा कोपरा आणि भिंतीतले कोनाडे मोजून काढले. पाचवीतली थोरली मात्र गप्प होती. तिने स्वतःचं पुस्तकांचं खोकं स्वतः बांधलं होतं, सुतळीच्या चार गाठी मारून. ते तिने भिंतीशी सरकवून ठेवलं. मी म्हटलं, “उघड की.” तर म्हणाली, “कशाला? परत जाताना पुन्हा बांधावं लागेल.”

यावर काय बोलणार? मी काहीच बोलले नाही.

आता तुम्ही म्हणाल, एकाच जिल्ह्यात तर बदली झाली, मग एवढं काय? पण सातारा जिल्हा एकसारखा नाही, बरं का! अरबी समुद्रावरून येणारे पावसाचे ढग सह्याद्रीला धडकतात, वर चढतात, थंड होतात आणि तिथेच मोकळे होतात. म्हणून महाबळेश्वरला वर्षाला सरासरी पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पूर्वेकडे सरकावं तसा तो कमी कमी होत जातो. माणपर्यंत पोचेस्तोवर ढगांची पोतडी जवळजवळ रिकामी. तिथे पाचशे मिलिमीटरच्या आसपास पडला तरी लोक म्हणतात, यंदा बरं झालं! कित्येक वर्षी तेवढाही पडत नाही. भूगोलात याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. पुस्तकात ही एका ओळीची व्याख्या असते. माझ्या मुलीला ती व्याख्या पाठ करावी लागली नाही, कारण उन्हाळ्यात टँकर आला की हंडा घेऊन पळायचं काम तिचंच असायचं.

वाईला येऊनही तिची सवय गेली नव्हती. तांदूळ धुतलेलं पाणी ती एका पातेल्यात धरून ठेवायची. हात धुताना तांब्या अर्धाच भरायची. घरमालकीण आजींनी ते पाहिलं आणि हसून म्हणाल्या, “अगं ओत की घळाघळा! नळ काय पळून चाललाय?”

“संपलं तर?” हिने विचारलं.

आजी हसायच्या थांबल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी परसातली आपली तुळशीची कुंडी उचलून आमच्या दाराशी आणून ठेवली आणि तिला म्हणाल्या, “तुझं ते पातेल्यातलं पाणी रोज हिला घालत जा.” मला ही बाई फार आवडली.

वाई हे कृष्णेकाठचं गाव. गावात नदीवर एकामागून एक घाट बांधलेले आहेत. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड अशी त्यांची नावं. थंडीच्या अखेरीस कृष्णामाईचा उत्सव असतो, तो या घाटांवर पाळीपाळीने होतो. एका घाटाचा संपला की दुसऱ्याचा सुरू. आम्ही गेलो तेव्हा उत्सव लांब होता. घाटावर बायका धुणं धुवत होत्या आणि त्या धोपटण्याचा आवाज पलीकडच्या काठावर आपटून परत येत होता. धाकट्याने तो आवाज ऐकून ठरवलं की पलीकडेही कुणीतरी अदृश्य बाई धुणं धूत आहे.

घाटावरचं सगळ्यात नावाजलेलं देऊळ म्हणजे ढोल्या गणपती. पेशव्यांचे सरदार गणपतराव रास्ते यांनी ते १७६२ साली बांधलं. रास्ते हे वाईचं मोठं घराणं. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी, म्हणजे माधवरावांच्या आई गोपिकाबाई, या रास्त्यांच्याच घरातल्या. गणपतीची मूर्ती एकाच दगडात घडवलेली आणि इतकी भव्य की ‘ढोल्या’ हे नाव का पडलं ते विचारावं लागत नाही.

पण मी तुम्हाला सांगेन, तुम्ही कधी वाईला गेलात तर मूर्तीचं दर्शन घ्या आणि मग देवळाच्या मागच्या बाजूला जा. बहुतेक लोक तिकडे फिरकतच नाहीत. मागची भिंत सपाट नाही. ती निमुळती होत पुढे आली आहे, माशाच्या तोंडासारखी. कशासाठी? पावसाळ्यात कृष्णेला पूर आला की पाणी पायऱ्या चढून देवळाला भिडतं. समोर सपाट भिंत असती तर लोंढ्याचा सगळा धक्का तिने खाल्ला असता. ही निमुळती भिंत पाणी दुभंगते, अर्धं इकडून, अर्धं तिकडून निघून जातं. खोटं वाटतं? साबणाची नवी वडी नळाच्या धारेखाली आधी सपाट धरा, मग कड वर करून धरा. आमच्या धाकट्याने हा प्रयोग इतक्यांदा केला की वडी अर्धी झाली. अडीचशेहून जास्त वर्षं ते देऊळ पूर झेलत उभं आहे, आणि ते बांधणाऱ्या गवंड्यांची नावं मात्र कुठे लिहिलेली नाहीत.

एका दुपारी चालत मेणवलीला गेलो. वाईपासून तीनेक किलोमीटर. वाटेत हळदीची शेतं होती. वाईची हळद प्रसिद्ध आहे. कापणीला अजून अवकाश होता, त्यामुळे रुंद हिरवी पानं वाऱ्यावर डुलत होती. मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे. त्यांच्या कारभाराचे हजारो कागद या वाड्यात होते, त्यांना ‘मेणवली दप्तर’ म्हणतात. इतिहास लिहिणाऱ्यांना त्यांचा फार उपयोग झाला. वाड्यामागे नदीवर चंद्रकोरीसारखा वळलेला घाट आहे. ‘स्वदेस’ हा २००४ सालचा सिनेमा पाहिला असेल तर तो घाट तुम्हाला ओळखीचा वाटेल. मुलांच्या बाबांना तो सिनेमा पाठ आहे, त्यामुळे कोणता प्रसंग कुठे घडला हे त्यांनी आम्हाला दोनदा दाखवलं. दुसऱ्यांदा कुणी विचारलंही नव्हतं.

मुलांचे पाय मात्र अडले घंटेपाशी. घाटावर एका छोट्या घुमटीत ती टांगलेली आहे, पंचधातूची, भलीमोठी. जवळून पाहिलं तर तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी दिसते आणि १७०७ हा आकडा. महादेवाच्या देवळाशी मेरी कशी? तर वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडे होता. चिमाजी अप्पांनी १७३९ साली तो जिंकला. तिथल्या चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून देशावर आणल्या गेल्या आणि ठिकठिकाणच्या देवळांत पोचल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा त्यांतलीच, भीमाशंकरची त्यांतलीच, आणि ही मेणवलीचीही.

“हिला परत कुणी नेलं नाही?” थोरलीने विचारलं.

“नाही.”

ती घंटेभोवती एक फेरी मारून आली. मग तिने पाण्यात खडे टाकायला सुरुवात केली. एक, दोन, पाच, दहा. बराच वेळ टाकत होती. थोड्या वेळाने तिथूनच तिने विचारलं, “आई, हे पाणी कुठे जातं?”

“बंगालच्या उपसागरात. मधे कर्नाटक, तेलंगणा, आंध्र. चौदाशे किलोमीटर.”

“आणि आपल्या माणगंगेचं?”

बघा, शिक्षिकेच्या पोटच्या मुलीने आईला भर नदीकाठी कसं पकडलं! मला उत्तर येत होतं, पण मी म्हटलं, “घरी जाऊन नकाशात बघू.”

घरी आल्यावर मी नकाशावही शोधू लागले. माझ्या पुस्तकांत नव्हती. थोरली जरा वेळ बघत राहिली आणि मग म्हणाली, “ती माझ्या खोक्यात आहे.” सुतळीच्या गाठी इतक्या घट्ट होत्या की आजींकडून विळी मागून आणावी लागली.

कंदिलाचे दिवस गेले, पण जुन्या वाड्यातला दिवा मिणमिणताच. त्याखाली आम्ही चौघं नकाशावर वाकलो. माणगंगेची रेघ इतकी बारीक की तिच्यावर नावही छापलेलं नव्हतं. मी तिचं बोट धरून फिरवलं. म्हसवड, तिथून पुढे आटपाडीकडून सांगोल्याकडे, आणि मग सोलापूर जिल्ह्यात माणगंगा भीमेला मिळते. भीमा कर्नाटकात शिरते. मग दुसरं बोट वाईवर ठेवलं. कृष्णा संगम माहुलीला वेण्णेला भेटते, कऱ्हाडला कोयनेला, मग सांगली, मग कर्नाटक. दोन्ही बोटं सरकत सरकत रायचूरच्या उत्तरेला आली आणि एकमेकांना टेकली. तिथे भीमा कृष्णेला मिळते.

“म्हणजे म्हसवडचं पाणी आणि इथलं पाणी तिथे भेटतं!” धाकटा ओरडला.

“माणगंगेला पाणी असेल तेव्हा,” थोरलीने त्याला दुरुस्त केलं. बोट मात्र तिने बराच वेळ उचललं नाही.

पुढचे दिवस भुर्रकन गेले. पसरणी गाव पाहिलं. शाहीर साबळे यांचा जन्म तिथला, १९२३ सालचा. आपलं राज्यगीत ज्यांच्या पहाडी आवाजात तुम्ही ऐकता, तेच हे शाहीर. गंगापुरीत विश्वकोशाचं कार्यालय बाहेरून पाहिलं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी इथे बसून मराठीतला एवढा मोठा ज्ञानाचा कोश उभा केला, त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. धोम धरणाला जायचं ठरवलं होतं, पण त्या दिवशी सगळ्यांनी दुपारी ताणून दिली. सुट्टी होती ना!

रविवारी, शाळा उघडायच्या आदल्या दिवशी, थोरली ओटीवर बसून जुन्या मैत्रिणीला पत्र लिहीत होती. मला पत्ता विचारायला आली, आणि आजींना विचारायला गेली की उत्सव नक्की कधी असतो. पत्रात तिने लिहिलं होतं, साताऱ्याहून वाईची एस.टी. धर. उत्सवाला चार दिवस राहायलाच ये. नदीत उतरायचं नाही, मी दाखवीन तिथेच बसायचं. आणि येताना बाजरीचं पीठ आण, इथल्या पिठाची भाकरी आपल्यासारखी होत नाही.