कागदाएवढी फट

आम्हा दोघा भावांना शाळा सोडून बरीच वर्षे झाली. कार्यशाळेच्या तासाला पृष्ठभागावर पट्टी धरून खालून उजेड दिसतो का, ते सर बघायला लावत. आम्हाला कंटाळा येई.

बाबांची यामाहा आरएक्स १०० आहे. ही गाडी भारतात १९८५ ते १९९६ या काळात बनत असे. तिला मोठा कार्बुरेटर लावायचा म्हणून आम्ही बाजारातला मॅनिफोल्ड आणला. त्याचे तोंड किंचित वाकडे होते. आम्ही सिलिकॉन फासून बसवला. पुढे अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी इंजिनाचा आवाज उतरेना. ताकद वाढली, म्हणून आम्ही खूश!

खानापूर रस्त्यावर पिस्टन जॅम झाला, मागचे चाक अडकले आणि धाकटा पडला. हेल्मेट होते, कोपर सोलवटण्यावर निभावले.

मिस्त्रीकाका म्हणाले, "फटीतून हवा ओढत होती रे पोरांनो." हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडले की इंजिन भलते तापते. टू-स्ट्रोकला तेलही त्या मिश्रणातूनच मिळते. पिस्टन फुगतो आणि सिलिंडरला धरतो. साधे सिलिकॉन तर पेट्रोलने सुटतेच.

मग जाड काचेवर पॉलिश पेपर ठेवून मॅनिफोल्डचे तोंड घासले, पट्टीखालचा उजेड जाईपर्यंत. गॅस्केट नवे कापले, बोल्ट आळीपाळीने आवळले. गाडी चालू ठेवून सांध्यावर साबणाचे पाणी सोडले. आवाज बदलला नाही.

बोअरिंगचे पैसे बाबांनी न बोलता दिले. तेच जास्त लागले. परवा त्यांनी स्वतः किक मारली, जरा वेळ ऐकत उभे राहिले आणि चावी आपल्याच खिशात टाकली.