परत द्यायचे लेकरू

रविवारची दुसरी मिस्सा सुटल्यावर आमच्या चर्चच्या पटांगणात माणसे घटकाभर रेंगाळतात. पानाचा भाव, कोणाचे आजारपण, कोणाच्या मुलीचे जमलेले लग्न असे बोलणे चालते. २०१७ च्या पावसाळ्यात त्या मुलीचा हात धरून मी प्रथमच तेथे उभी राहिले, तेव्हा एका ओळखीच्या बाईंनी तिच्या गालाला हात लावून विचारले, “ही अनाथाश्रमातली ना?” विचारले मायेनेच. पुढच्या दहा मिनिटांत आणखी चौघांनी तोच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला. सात वर्षांची ती मुलगी तेथे काही बोलली नाही. घरी येऊन चपला काढताना मात्र तिने मला सांगितले, “काकी, मला आई आहे.”

तिचे नाव मी येथे लिहीत नाही. संस्थेच्या किंवा समितीच्या देखरेखीखाली असलेल्या मुलाची ओळख छापू नये असा कायदाच आहे. आणि कायदा नसता तरी मी ते लिहिले नसते, कारण ती आता मोठी झाली आहे आणि तिचे बालपण सांगण्याचा पहिला हक्क तिचा आहे.

तिची आई आमच्या वसईत चार घरी धुणीभांडी करीत असे. वडील घर सोडून गेलेले. आईला क्षय झाला, तोही नेहमीच्या औषधांना दाद न देणारा. तिला रुग्णालयात दाखल केले आणि मुलीला सांभाळणारे नात्यातले कोणी पुढे आले नाही. तेव्हा जिल्ह्याच्या बालकल्याण समितीने तिला एका बालगृहात ठेवले. समाजकार्य करणाऱ्या एका सिस्टरांनी ही हकीकत मला सांगितली आणि शेवटी विचारले, “तुमचे दोन्ही मुलगे आता मोठे झाले. घरात एक खाट रिकामी असेल ना?” मला वाटले, त्या दत्तकाविषयी बोलत आहेत. त्या म्हणाल्या, “नाही. आई बरी होईपर्यंत सांभाळायचे आणि मग परत द्यायचे.”

‘परत द्यायचे’ या शब्दांपाशी मी अडखळले. आपल्या भाषेत ‘अनाथ’ हा शब्द सर्वांना ठाऊक आहे, ‘दत्तक’ही ठाऊक आहे. या दोहोंमध्ये जे आहे त्याला सरकारी कागदावर ‘प्रतिपालकत्व’ म्हणतात. घरात मात्र त्याला शब्द नाही. खरे पाहता आपल्या ख्रिस्ती कुटुंबांना ही अवस्था अगदीच परकी नसावी. १९५६ चा दत्तकाचा कायदा हिंदूंपुरता होता. त्यामुळे बालन्यायाचा २००० चा कायदा येईपर्यंत आपल्याकडच्या निपुत्रिक जोडप्यांना कायद्याने मूल दत्तक घेताच येत नसे. १८९० च्या जुन्या कायद्याखाली न्यायालय त्यांना फक्त ‘पालक’ नेमी, आणि तेही मूल कायद्याने सज्ञान होईपर्यंत. माझ्या मामा-मामींनी असेच एक मूल वाढविले. ते त्याचे आईबाप होते, पण कपाटातल्या कागदावर तो त्यांचा ‘पाल्य’ होता. तो कागद पहिल्यांदा हाती आला त्या दिवशी माझा मामेभाऊ संध्याकाळपर्यंत वाडीतच बसून राहिला होता. हे सारे मला ठाऊक होते, तरी होकार द्यायला मला तीन आठवडे लागले. माझ्या यजमानांना एक रात्र पुरली.

चौकशी, घरभेटी, पोलिसांचा दाखला, वैद्यकीय तपासण्या हे सर्व यथासांग झाले, आणि समितीच्या आदेशाने मुलगी घरी आली. आता, धर्मग्राम म्हणून आपण कोठे कमी पडलो आणि कोठे उणे राहिलो नाही, हे मला प्रांजळपणे सांगायचे आहे.

देण्याच्या बाबतीत आपली माणसे हात आखडत नाहीत. पहिल्याच महिन्यात आमच्या ओटीवर जुन्या कपड्यांची पाच गाठोडी जमली. त्यांतला एकही कपडा मुलीने अंगाला लावला नाही; बालगृहातही ती असेच कपडे घालीत होती. दुसरी गोष्ट भीतीची. आईला क्षय, म्हणून शेजारच्या दोन घरांनी आपल्या मुलांना आमच्याकडे पाठविणे बंद केले. मुलीची तपासणी झालेली होती आणि तिला रोग नव्हता, हे मी दारोदार जाऊन सांगितले. ते सांगताना मला लाज वाटली, रागही आला. तिसरी कुजबूज पैशांची. बालसंगोपन योजनेची रक्कम तेव्हा महिना ४२५ रुपये होती (२०२३ मध्ये ती २,२५० झाली). “सरकार देते म्हणून ठेवली,” असे कोणीतरी बोलले. ४२५ रुपयांत महिन्याचे दूधही येत नसे, हे त्या गृहस्थांना माहीत नसेल असे मला वाटत नाही.

परंतु सर्वांत नाजूक प्रसंग स्नानसंस्काराचा. मुलगी हिंदू घरातली. तिन्हीसांजेला दिवा लागला की ती हात जोडून आईने शिकविलेले ‘शुभं करोति’ म्हणे. आमची जपमाळ त्याच वेळेची. पहिल्या संध्याकाळी दोन्ही एकदम सुरू झाले आणि मुलगी दचकून गप्प झाली. माझ्या सासूबाई तेव्हा एक्क्याऐंशी वर्षांच्या होत्या. नव्वद वर्षे चालत आलेला घरचा रिवाज मोडायला त्यांना क्षणही लागला नाही. त्या म्हणाल्या, “आधी तिचं होऊ दे, मग आपलं.” पुढे अडीच वर्षे आमच्या घरी तोच क्रम चालला. मुलीला ‘नमो मारिया’ पाठ झाले ते कानावर पडून, कोणी पढविले म्हणून नव्हे.

तिच्या वर्गातल्या मुली पहिल्या ख्रिस्तप्रसादाची तयारी करू लागल्या, तेव्हा छोट्या ख्रिस्ती समूहाच्या बैठकीत विषय निघाला. “तुमच्या घरात राहते, प्रार्थनेला बसते, मग हिला पाण्यावाचून का ठेवता?” बोलणाऱ्यांची श्रद्धा खरी होती, म्हणूनच उत्तर देणे कठीण गेले. हा प्रश्न घेऊन मी धर्मगुरूंकडे गेले. मनातून, खरे सांगायचे तर, त्यांनी ‘हो’ म्हणावे अशी माझीही इच्छा होती. त्यांनी शांतपणे सांगितले की मूल आपल्या हाती विश्वासाने ठेवलेले आहे. आई जिवंत आहे, शुद्धीवर आहे आणि तिने हे मागितलेले नाही. तेव्हा हा विषय येथेच संपला. पुढच्या रविवारी त्यांनी प्रवचनात कोणाचेही नाव न घेता एवढेच म्हटले की दुबळ्याच्या अडचणीच्या वेळी त्याचा देव बदलणे ही सेवा नव्हे. पटांगणातले प्रश्न त्यानंतर बरेच कमी झाले. त्या वर्षी गौरी-गणपतीत मी मुलीला तिच्या मैत्रिणीकडे मोदक खायला घेऊन गेले. त्यावरही कुजबूज झालीच, पण ती मला फारशी ऐकू आली नाही.

आई संसर्गमुक्त झाल्यावर ठरलेल्या शनिवारी भेटी होऊ लागल्या. त्या भेटींचा मी पुष्कळ दुःस्वास केला. भेट झाली की मुलगी दोन दिवस जेवत नसे, रात्री अंथरूण ओले करी, माझ्याशी फटकून वागे. मला वाटे, हे भेटणे थांबले तर पोरीचे भलेच होईल. संस्थेच्या ताईंनी समजावले की आईला भेटून मूल रडते ते आई वाईट म्हणून नव्हे, आई हवी म्हणून. मला ते समजले, पण उमगायला वेळ लागला.

आई दर भेटीला एक फ्रॉक आणी. स्टेशनबाहेरच्या फूटपाथवरचा, झगमगीत लेसचा. आणि प्रत्येक फ्रॉक आखूड, काखेत घट्ट. आजारी पडली तेव्हा पाहिलेली सहा वर्षांची मुलगीच तिच्या डोळ्यांत होती; मधल्या काळात पोर वीतभर वाढली होती. मी ते फ्रॉक घडी करून पेटीत ठेवीत असे. एकदा तर मनाशी म्हटलेही, हिला आपल्या मुलीचे मापसुद्धा ठाऊक नाही.

त्याच आठवड्यात मिस्सामध्ये शमुवेलच्या पुस्तकातले वाचन आले. हन्नाने आपला मुलगा मंदिरात एलीच्या हाती सोपविला आणि दरवर्षी यज्ञाला जाताना ती त्याच्यासाठी एक लहानसा झगा शिवून नेई, हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. त्या दिवशी प्रथमच मनात आले: तिला माप कसे कळत असेल? वर्षातून एकदा दिसणारे लेकरू; पुढच्या वर्षी ते किती उंच असेल हे अंधारात चाचपडून तिने कापड फाडले असेल. एखादा झगा आखूडही झाला असेल. मग एलीने तो पेटीत ठेवला असेल काय?

घरी येऊन मी पेटी उघडली. सासूबाईंना जवळ बसविले. त्यांनी सहा फ्रॉकांच्या शिवणी उसवल्या, काखेत पट्ट्या घातल्या, घेराला खाली वेगळ्या रंगाची झालर लावली. डोळ्यांना नीट दिसत नव्हते, तरी यंत्रावर मला बसू दिले नाही. पुढच्या शनिवारी मुलगी आईनेच दिलेला फ्रॉक घालून भेटीला गेली आणि मी आईच्या हाती एक चिठ्ठी दिली: छाती, कंबर, उंची, बाही. त्या बाईंनी ती चिठ्ठी पदराच्या गाठीत बांधली. पुढच्या भेटीचा फ्रॉक बरोबर बसला.

तेव्हापासून मला वाटू लागले की मुलाला आधार द्यायचा म्हणजे त्याच्या आईलाही द्यायचा. हे काम आमच्या व्हिन्सेंट डी पॉल संस्थेतल्या एका निवृत्त गृहस्थांनी कोणताही गाजावाजा न करता केले. क्षयरुग्णाला आहारासाठी सरकारकडून महिना ५०० रुपये २०१८ पासून मिळू लागले. पण ते बँकेच्या खात्यात जमा होत आणि या बाईंना खातेच नव्हते. हे गृहस्थ तिच्याबरोबर तीनदा बँकेत रांगेत उभे राहिले. खोलीचे भाडे थकले होते, ते मालकाशी बोलून हप्त्याने ठरविले. इकडे शेजारची एक शिक्षिका मुलीला दर बुधवारी स्वतःच्या घरी अभ्यासाला घेऊन जाई, त्यामुळे मला आठवड्यातली एक संध्याकाळ मोकळी मिळे. या संध्याकाळीच मी पुष्कळदा रडून घेतले. पाच गाठोड्यांपेक्षा ती एक संध्याकाळ मला अधिक उपयोगी पडली, हे मी समूहाच्या बैठकीत सांगितलेही. गाठोडी देणाऱ्यांना ते फारसे रुचले नाही.

आपल्या ख्रिस्तसभेने या देशात अनाथालये उभारली, हजारो मुले जगविली. त्या सिस्टरांचे ऋण मी विसरत नाही. पण २०१५ चा कायदा स्पष्ट म्हणतो की मुलाला संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय. आधी त्याचे घर, मग दुसरे घर, मग संस्था. भावंडांना शक्यतो एकत्र ठेवावे, आईवडिलांना भेटू द्यावे, असेही त्यात आहे. नाताळात आश्रमात केक पोचवून आपण समाधानाने परततो. आपल्या दोनशे घरांच्या वाडीत दोन घरांनी दार उघडले आणि बाकीच्यांनी त्या दोन घरांच्या पाठीशी उभे राहायचे ठरविले, तर किती मुले आश्रमाच्या दारापर्यंत जाणारच नाहीत, याचा हिशेब मात्र आपण कधी मांडत नाही.

२०१९ च्या डिसेंबरात समितीने मुलीला आईकडे परत देण्याचा निर्णय दिला. तो आठवडा मी कसा काढला हे लिहिणार नाही. एक कबुली मात्र द्यायलाच हवी. शेवटच्या तपासणीचा अहवाल यायचा होता त्या रात्री मी जपमाळ धरली आणि नेमके काय मागावे ते मला कळेना. तो अहवाल चांगला येऊ नये, असे क्षणभर माझ्या मनात येऊन गेले. हे मी पापनिवेदनात सांगितले आहे. आज तुमच्यापुढेही सांगते, कारण असे घर उघडणाऱ्या प्रत्येक बाईच्या वाट्याला ती रात्र येईल आणि तिने स्वतःला राक्षसीण समजू नये.

मुलगी गेली, आणि तीन महिन्यांत टाळेबंदी आली. आईची चारही कामे सुटली. एप्रिलमध्ये तिचा फोन आला, “ताई, हिला थोडे दिवस तुमच्याकडे...” वाक्य तिने पुरे केले नाही. मी खाटेवरची चादर बदलायला घेतली. यजमान दारात उभे होते. म्हणाले, “लेकरू आणू नको. धान्य पोचव.” त्यांचा मला फार राग आला. मग आमच्या समूहाने ऑगस्टपर्यंत त्या खोलीवर तांदूळ, डाळ, तेल आणि गॅसचे पैसे पोचविले. गाठोडी देणाऱ्या बाईंनी त्यांतला निम्मा भार उचलला. मुलगी आईजवळच राहिली.

सासूबाई २०२१ मध्ये देवाघरी गेल्या. त्यांच्या अंत्यविधीला मायलेकी आल्या होत्या. संध्याकाळी आमच्या देव्हाऱ्यापुढे मेणबत्ती लागली, तेव्हा मुलीने माझ्याकडे एकदा पाहिले आणि हात जोडून आधी तिचे म्हटले, मग आम्ही आमचे म्हटले.

आता ती दहावीत आहे. मागच्या महिन्यात तिच्या आईने फोनवर मला एक यादी पाठविली: छाती, कंबर, उंची, बाही. खाली लिहिले होते, “ताई, नाताळचा ड्रेस तुम्हीच शिवा, बाजारातला तिला आवडत नाही.” यादीवर मी थोडी विचारात पडले. ती वाढत्या वयाची, मी तिला जूननंतर पाहिलेले नाही. कापड कापताना शिवणीत दोन बोटे जास्तच धरली.