पेन्शनला दोन वर्षे उरली असताना

नेल्सन मंडेला हे नाव ठाऊक नाही असा विद्यार्थी आपल्या कॉलेजात शोधूनही सापडायचा नाही. पण १९३९ साली हेच मंडेला कॉलेजात दाखल झाले तेव्हा वर्गात त्यांच्यापुढे उभे राहून शिकविणारे प्राध्यापक कोण होते, हे विचारले तर आपण सारे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू. त्या प्राध्यापकांचे नाव झकरायाह केओदिरेलांग मॅथ्यूज. त्यांना सगळे झेड. के. म्हणत. मीही या लेखात तसेच म्हणणार आहे; कारण मधले नाव आमच्या सरांनाही पहिल्या दमात उच्चारता आले नाही.

झेड. के. यांचा जन्म १९०१ साली दक्षिण आफ्रिकेत किंबर्लेजवळ झाला. किंबर्ले म्हणजे हिऱ्यांच्या खाणींचे गाव. वडील खाणीत कामाला. मुलगा हुशार निघाला, शिष्यवृत्ती मिळवून लव्हडेलच्या मिशन शाळेत गेला आणि तेथून जवळच ॲलिस या गावी असलेल्या फोर्ट हेअरच्या कॉलेजात. हे कॉलेज १९१६ साली अवघ्या वीस विद्यार्थ्यांवर सुरू झाले होते. काळ्या मुलांनी उच्च शिक्षण घ्यायचे तर त्या देशात जवळजवळ हाच एक दरवाजा होता. कॉलेजला स्वतःची पदवी देता येत नसे. परीक्षा ‘युनिसा’ची, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ साउथ आफ्रिकेची. १९२३ साली झेड. के. त्या परीक्षेत उत्तीर्ण झाले आणि दक्षिण आफ्रिकेत शिकून बी. ए. झालेले पहिले काळे पदवीधर ठरले. पुढे १९३० मध्ये एल्‌एल. बी. झाले, आणि तेथेही पहिलेच.

या ‘पहिले’पणाने मी त्यांच्याकडे ओढला गेलो, हे कबूल केले पाहिजे. आमच्या घरात मी पहिला कॉलेजात आलो. माझे वडील, आबा, बाजार समितीत हमाली करतात. सुट्टीत गावी गेलो की पारावरची माणसे मला “या बी. ए.” म्हणून हाक मारतात, बी. ए.ला अजून दीड वर्ष असताना! पहिला असणे म्हणजे काय, हे ज्याच्या घरात आधीच चार पदवीधर आहेत त्याला सांगून कळणार नाही. पहिल्याच्या पदवीवर घरातल्या सगळ्यांनी मनातल्या मनात काही ना काही बांधून ठेवलेले असते.

झेड. के. यांनी काही काळ शाळा चालवली, थोडी वकिली केली. मग अमेरिकेतील येल विद्यापीठात जाऊन १९३४ मध्ये एम. ए. झाले. प्रबंधाचा विषय होता आफ्रिकन लोकांचा परंपरागत कायदा आणि पाश्चात्य संस्कृती यांचा संघर्ष. नंतर वर्षभर लंडनला मानववंशशास्त्राचा अभ्यास करून १९३६ मध्ये ते फोर्ट हेअरला, आपल्याच कॉलेजात, अध्यापक म्हणून परतले. विषय : सामाजिक मानववंशशास्त्र आणि ‘नेटिव्ह लॉ’. पुढे ते प्राध्यापक आणि आफ्रिकन अभ्यास विभागाचे प्रमुख झाले.

हा ‘नेटिव्ह लॉ’ काय होता ते थोडे सांगितले पाहिजे, नाहीतर पुढचे सारे नीट कळणार नाही. १९२७ साली तेथल्या सरकारने एक कायदा केला. त्या कायद्याने गोरा गव्हर्नर जनरल हाच काळ्या जमातींचा सर्वोच्च प्रमुख होऊन बसला! तुमचा टोळीप्रमुख कोण हे ठरवण्याचा, लोकांना एका जागेवरून उठवून दुसरीकडे नेण्याचा अधिकार त्याच्याकडे गेला. काळ्यांच्या आपसांतील दाव्यांसाठी वेगळी न्यायालये, त्यांवर गोरे कमिशनर. आणि परंपरेचा कायदा म्हणजे काय, हेही तेच सांगणार. झेड. के. वर्गात हाच विषय शिकवीत. ज्या दाव्याने आपल्याला बांधले आहे त्या दाव्याची गाठ कशी मारली आहे, हे विद्यार्थ्यांना उलगडून दाखवायचे! तरुण मंडेला त्या बाकांवर बसले होते. बोट्स्वाना देशाचे पहिले अध्यक्ष झालेले सेरेत्से खामा हेही फोर्ट हेअरचेच.

कोणी समजेल की हे प्राध्यापक मोठे जहाल असतील. तसे ते मुळीच नव्हते. १९४२ मध्ये ते सरकारने काळ्यांसाठी नेमलेल्या प्रतिनिधी मंडळावर गेले. या मंडळाने नुसता सल्ला द्यायचा. ऐकायचे की नाही ते सरकार पाहणार. मंडळाच्याच एका सभासदाने त्याला खेळण्यातला टेलिफोन म्हटले होते. या टोकाला कितीही बोला, पलीकडे कोणी नाही. आफ्रिकन नॅशनल काँग्रेसमधली तरुण मंडळी म्हणत होती की असल्या मंडळावर बहिष्कार टाका. झेड. के. स्वतः काँग्रेसचे मोठे कार्यकर्ते. तरी मंडळातून बाहेर पडले ते १९५० मध्ये. आठ वर्षे! तरुणांना तेव्हा हा मनुष्य फार सबुरीचा वाटला असणार. मलाही आधी तसाच वाटला. परंतु पुढची हकीगत वाचल्यावर या आठ वर्षांचा अर्थ मला निराळा लागला. तो शेवटाकडे सांगतो.

१९५२ साली ते न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत पाहुणे प्राध्यापक म्हणून गेले. त्याच वर्षी भारतासह तेरा आशियाई-आफ्रिकी देशांनी वर्णद्वेषाचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांपुढे मांडला. परत आल्यावर १९५३ च्या ऑगस्टमध्ये क्रॅडॉक येथील अधिवेशनात त्यांनी एक कल्पना मांडली : देशातल्या सगळ्या वर्णांच्या लोकांना विचारा, तुम्हाला कसला देश हवा आहे, आणि त्या उत्तरांतून एक सनद तयार करा. दोन वर्षांनी, २५ व २६ जून १९५५ रोजी, जोहान्सबर्गजवळ क्लिपटाऊनला प्रचंड मेळावा भरला आणि ‘स्वातंत्र्याची सनद’ संमत झाली. दुसऱ्या दिवशी पोलीस आले आणि त्यांनी कागद गोळा करायला सुरुवात केली.

येथून हे चरित्र कागदांचे होते. १९५६ च्या डिसेंबरात १५६ जणांना राजद्रोहाखाली पकडले. त्यांत झेड. के. होते, मंडेला होते आणि झेड. के. यांचा मुलगा जो हाही होता. बाप आणि मुलगा एकाच खटल्यात आरोपी! सरकारपक्षाने सुमारे बारा हजार कागद पुराव्यात दाखल केले. पत्रे, भाषणे, पत्रके, सभांची इतिवृत्ते. क्लिपटाऊनच्या मेळाव्यात जेवणाच्या जागी लावलेल्या दोन पाट्याही त्यांत होत्या. एकीवर लिहिले होते ‘मांसाचे सूप’, दुसरीवर ‘बिनमांसाचे सूप’. राज्य उलथवण्याच्या कटात या सूपाचा काय भाग होता ते न्यायालयाला कधी कळले नाही. १९६१ साली उरलेले सगळे आरोपी निर्दोष सुटले, झेड. के. त्याआधीच मोकळे झाले होते.

कागद या वस्तूकडे आम्ही लोक फार भक्तिभावाने पाहतो. आमच्या घरी एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात अर्ध्या एकराचा सातबारा, रेशनकार्ड, जातीचा दाखला, माझी दहावी-बारावीची गुणपत्रके. गुणपत्रके आबांनी स्वतः तालुक्याला जाऊन लॅमिनेट करून आणली. आबांना वाचता येत नाही, पण कोणता कागद कोणता हे ते नुसत्या आकारावरून सांगतात. कागद म्हणजे सरकारदरबारी आपण आहोत याची खूण. कागद जपला की मनुष्य जपला, असा आमचा हिशेब. झेड. के. यांचे कागद पाहताना हा हिशेब सारखा आठवे. एकाच माणसाचे कागद पोलिसांनी गुन्हा म्हणून गोळा केले, आणि आज तेच नाव लिहिलेले कागद युनिसा विद्यापीठाच्या ग्रंथालयाने ठेवा म्हणून सांभाळले आहेत. ज्या विद्यापीठाने १९२३ साली बी. ए.ची परीक्षा घेतली, त्याच विद्यापीठाने! त्यांतले पुष्कळ कागद आता संगणकावर कोणालाही पाहता येतात. आपल्या ग्रंथालयातल्या कोपऱ्यातील संगणकावर मी शब्दकोश मांडीवर घेऊन ते पाहत बसे. इंग्रजी पुरते उमगत नसे, पण एका मनुष्याचे सारे आयुष्य असे पत्रांत, भाषणांत नि टिपणांत पसरलेले मी पहिल्यांदाच पाहत होतो.

आता ज्या एका कागदासाठी मी हे सारे लिहितो आहे त्याकडे येतो. तो कागद म्हणजे राजीनामा.

१९५९ मध्ये सरकारने दोन कायदे केले. एकाने काळ्या, ‘रंगीत’ आणि भारतीय विद्यार्थ्यांना गोऱ्यांच्या विद्यापीठांची दारे बंद झाली. त्यांच्यासाठी वंशवार, जमातवार निराळी कॉलेजे निघणार. दुसऱ्याने फोर्ट हेअर सरळ सरकारच्या ‘बांटू शिक्षण’ खात्याच्या ताब्यात गेले. अध्यापक आता सरकारी नोकर. सरकारी खात्यावर टीका केली तर ती गैरवर्तणूक. झेड. के. तेव्हा अठ्ठावन्नाच्या घरात. निवृत्तीला उरली होती दोन वर्षे. ती काढली असती तर पेन्शन हातात पडत होती. त्यांनी राजीनामा दिला. तेवीस वर्षांच्या नोकरीची पेन्शन गेली.

दिवाळीच्या सुट्टीत ही गोष्ट मी घरी सांगितली. आबा बराच वेळ तंबाखू मळत राहिले. मग म्हणाले, “दोनच वर्सं व्हती न्हवं? गप गुमान काढायची.”

मी म्हटले, “आबा, पण खात्याच्या हाताखाली…”

“हाताखाली कोन न्हाई लेका?”

आई चुलीपाशी होती. तिने तेवढेच विचारले, “आन् त्याची बायको काय म्हनली?”

आईच्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. पत्नीचे नाव फ्रिडा, त्या स्वतः शिक्षिका, एवढेच मी सांगू शकलो. आबांचे म्हणणे मात्र मी हसण्यावारी नेऊ शकत नाही. आमच्या गावात जुनी पेन्शन घेणारे एक निवृत्त गुरुजी आहेत. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्यांच्या दारी उसने मागायला कोण कोण जाते ते मी लहानपणापासून पाहिले आहे. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेल्यांची जुनी पेन्शन गेली. मार्च २०२३ मध्ये तिच्यासाठी लाखो कर्मचारी संपावर उतरले, आपल्या कॉलेजातले कर्मचारीही त्यांत होते. म्हणजे जी वस्तू मिळावी म्हणून आपल्याकडे माणसे रस्त्यावर आली, ती त्या मनुष्याने हातातोंडाशी आलेली असताना सोडली. पोट भरलेल्याने असे केले तर आपण त्याला त्याग म्हणून मोकळे होतो. खाणकामगाराच्या मुलाने केले, तर आधी विचारावे लागते की त्याला परवडले कसे.

दुसरी शंका माझी स्वतःची. प्राध्यापक गेले, पण विद्यार्थी कोठे जाणार? त्यांना तर त्याच कॉलेजात शिकायचे होते. उद्या आपल्या कॉलेजात असा प्रसंग आला आणि चांगले सर एकेक करून निघून गेले, तर माझ्यासारख्याने कोणाच्या तोंडाकडे पाहायचे? राहून शिकवत राहणे हेही धैर्यच आहे, असे मला पुष्कळ दिवस वाटत होते, आणि काही अंशी अजूनही वाटते.

पण येथे ती आठ वर्षे उपयोगी पडतात. आत राहून काय करता येते हे झेड. के. यांनी त्या मंडळात आठ वर्षे अजमावून पाहिले होते. खेळण्यातला टेलिफोन त्यांनी स्वतःच्या कानाला लावला होता. पहिला राजीनामा त्यांनी उशिरा दिला, इतका उशिरा की आपलीच माणसे कुरकुरू लागली. दुसरा दिला तेव्हा पलीकडे कोणी नाही हे त्यांना पुरते माहीत होते. नव्या फोर्ट हेअरमध्ये ते राहिले असते तर सरकारला सांगता आले असते की पाहा, तुमचा पहिला पदवीधरही आमच्या कॉलेजात शिकवतो आहे. त्यांचे ‘पहिले’पण सरकारच्या कामी आले असते. मला वाटते ते त्यांना नको होते. पेन्शनची रक्कम सरकार देणार होते, पण पदवी काही सरकारने दिलेली नव्हती.

आबांना हे मी अजून सांगितलेले नाही. संक्रांतीला गेलो की सांगेन. त्यांचे उत्तर काय येईल याचा मला अंदाज आहे.

राजीनाम्यानंतरही सुख लागले नाही. मार्च १९६० मध्ये शार्पव्हिलला पोलिसांच्या गोळीबारात ६९ माणसे ठार झाली, आणीबाणी पुकारली गेली आणि झेड. के. यांना काही महिने स्थानबद्ध करण्यात आले. पुढे ते जिनिव्हाला चर्चेसच्या जागतिक परिषदेत कामाला गेले. १९६६ साली बोट्स्वाना स्वतंत्र झाला. झेड. के. यांच्या वडिलांचे मूळ तिकडच्या बामांग्वातो लोकांत. अध्यक्ष सेरेत्से खामाही त्याच जमातीचे. त्यांनी झेड. के. यांना अमेरिकेतील राजदूत आणि संयुक्त राष्ट्रांतील प्रतिनिधी नेमले. ज्याला जन्मदेशात मतही देता येईना, तो दुसऱ्या देशाचा राजदूत होऊन जगापुढे उभा राहिला. मे १९६८ मध्ये वॉशिंग्टनला त्यांचा अंत झाला. दफन गॅबोरोनला झाले.

त्यांच्या कागदांत एक अपुरे आत्मचरित्र होते. ते मानववंशशास्त्रज्ञ मोनिका विल्सन यांनी पुढची हकीगत जोडून पुरे केले आणि १९८१ साली ‘फ्रीडम फॉर माय पीपल’ या नावाने प्रसिद्ध झाले. आईच्या प्रश्नाचे उत्तर कदाचित त्यात असेल. आपल्या ग्रंथालयात ते नाही. मागणीवहीत मी नाव लिहून आलो. ग्रंथपालांनी पुढे शेरा मारला आहे, ‘किंमत पाहून कळवू.’