सूप, चाळण आणि काळी पाटी

आजीच्या स्वयंपाकघरात सूप पाखडायचे, जाते दळायचे, चाळण चाळायची. दळण्याचे काम सुपाला कोणी सांगितले नाही. एकाचे काम संपले की जिन्नस दुसऱ्याकडे जाई आणि शेवटी ताटात भाकरी पडे. पैनगंगेच्या काठी, मेहकरात मराठी शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला संगणकाची गोडी लागली ती हाच न्याय तिथे दिसला म्हणून.

माझ्या पडद्यावर ना चित्रे, ना माऊसची धावपळ. काळी पार्श्वभूमी आणि अक्षरे! घरची मंडळी तिला ‘बाबांची पाटी’ म्हणतात. या पाटीवर मी वऱ्हाडी शब्द टिपतो. बोलणारे गेले की शब्दही मुकाट्याने त्यांच्यामागे जातात. म्हणून हा उद्योग. एका ओळीत एक शब्द, त्याचा अर्थ आणि सांगणाऱ्याचे गाव. लिहायला ‘व्हिम’; ब्राम मोलेनार यांनी तो १९९१ साली लोकांच्या हाती दिला.

पुढचे काम लहानसहान गड्यांचे. ‘ग्रेप’ हव्या त्या ओळी निवडतो, ‘सॉर्ट’ क्रम लावतो, ‘युनिक’ दुबार ओळी गाळतो. मात्र युनिकला फक्त शेजारची जुळी ओळखता येतात. म्हणून आधी सॉर्ट. आधी पाखडायचे, मग दळायचे! दोन गड्यांमध्ये उभी रेघ ओढली की एकाचा माल दुसऱ्याच्या पदरात पडतो. ही ‘पाइप’ची युक्ती डग्लस मॅकिलरॉय यांच्या आग्रहाने १९७३ साली युनिक्समध्ये आली. सारी साखळी एका फायलीत लिहून ठेवली की झाला आपला प्रोग्राम!

पण या परदेशी गड्यांना आपली बाराखडी शिकवावी लागते. आपण ‘ह, ळ, क्ष, ज्ञ’ घोकत वाढलो. युनिकोडच्या अंकक्रमात मात्र ‘ळ’ थेट ‘ल’च्या मागे बसतो आणि कोशात शेवटी येणारे ‘केळ’ हे ‘केवडा’ नि ‘केस’ यांच्या आधी घुसते. उपाय सोपा आहे. ‘सेड’ नावाचा गडी ‘ळ’च्या जागी अवग्रह ठेवतो, अवग्रहाचा अंक ‘ह’ आणि काना यांच्या मधला. क्रम लागला की ‘ळ’ पुन्हा स्वस्थानी!

ही फाईल साध्या अक्षरांची आहे. कोणा एका कंपनीचे दुकान बंद पडले तरी ती नातवंडांना उघडता येईल. ‘‘काहून एवढा खटाटोप करता?’’ असे मेहकरात कोणी विचारलेच, तर त्या प्रश्नातला पहिला शब्द हेच माझे उत्तर!