लाटेचा भरवसा

भरवसा हा मोठा चमत्कारिक पदार्थ आहे. तो नसला तर माणसाला झोप येत नाही, आणि पोटभर मिळाला तर त्याला जागे राहावेसे वाटत नाही. आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या या पदार्थाचा दुष्काळ. वडील देवबागचे रापणकर. एका अंगाला कर्लीची खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र, आणि मधल्या चिंचोळ्या वाळूवर माडांत आमचे घर. साऱ्या वाडीने मिळून रापण ओढावी, तर जाळ्यात कधी टोपल्या भरभरून बांगडे, कधी मूठभर खेकडे आणि शेवाळ. त्यावर घर चालवणे म्हणजे रोज सकाळी सोडत काढण्यासारखे होते.

आम्हा पोरांना समुद्राकडून मासळी नको होती, लाटा हव्या होत्या. खाडीच्या मुखाशी पाण्याखाली वाळूचा उंचवटा आहे. त्यावर लाट उभी राहिली की तिच्यापुढे दोन हात मारायचे, अंग ताठ करायचे आणि तिच्या खांद्यावर बसून थेट किनारा गाठायचा. एखादा भाग्यवान मोडक्या होडीची फळी पोटाखाली घेई. या खेळाला सर्फिंग म्हणतात आणि त्याच्यासाठी लोक देशोदेशी हिंडतात, हे आमच्या गावीही नव्हते.

१९९१ साली मी बी. कॉम. झालो आणि मुंबईच्या एका कचेरीतून नेमणुकीचे पत्र आले. मी घुटमळत होतो. बाबांनी ते पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतले आणि म्हणाले, "समुद्रावर भरवसो ठेवन माझो जल्म गेलो. तू पगारावर ठेव." कोकण रेल्वे तेव्हा सुरू व्हायची होती. रात्रभर एस्. टी.त हाडे खिळखिळी करून घेत मी दादरला काकांकडे येऊन थडकलो.

समुद्र पाच मिनिटांवर आहे, असे काका म्हणाले, तेव्हा मी सामान सोडण्याआधी टॉवेल शोधला. पाहतो तो समुद्र कुठेतरी लांब जाऊन बसलेला. पुढ्यात काळे खडक आणि चिखल. सहा तासांनी पुन्हा गेलो, तेव्हा पाणी भिंतीपाशी आले होते. पण लाट म्हणावी असे काही नव्हते. बशीतला चहा हलावा तसे ते हलत होते.

या मरगळीचे कारण पुढे नकाशे चाळताना कळले. दादरचा किनारा वरळी आणि वांद्रे यांच्या मधल्या उपसागराच्या कुशीत दडलेला. शिवाय मुंबईसमोरची समुद्रबूड जमीन सुमारे तीनशे किलोमीटर रुंद; दक्षिणेकडे ती अरुंद होत जाते. आपल्या उंचीच्या साधारण सव्वापट खोली उरली की लाट फुटते. पण इथे तिची बरीच ताकद त्याआधीच उथळ तळाशी अंग घासून झिजते. भरतीला मात्र हाच उथळपणा मानवतो. आमच्याकडे पाण्याचा चढउतार जेमतेम दोन-अडीच मीटर. मुंबईत उधाणाला तो पाच मीटरच्या घरात जातो. म्हणजे समुद्र एकच, पण तिकडे नाचतो आणि इकडे येरझारा घालतो.

तरी मी हट्ट सोडला नाही. जुहू झाले, वर्सोवा झाले, विरारच्या लोकलने जाऊन अर्नाळा झाले. अडचण अशी की लाट मिळायची तर रविवार, भरती, वारा आणि समुद्र या चौघांचे एकमत व्हावे लागते. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे मागे सरकते. रविवार काही सरकत नाही. हिवाळ्यात पाणी बहुधा सपाट. पावसाळ्यात लाटांना तोटा नाही. पण त्या वाऱ्याने पिसाटलेल्या, गढूळ, माणसाला आत ओढणाऱ्या. उरतात मे महिन्याची अखेर आणि पावसाळा ओसरतानाचे थोडे दिवस. मेच्या अखेरीस कधी कधी हजारो किलोमीटर दक्षिणेकडच्या वादळांची लांब, शांत लाट इथवर चालत येते. तिच्यासाठी मी वर्षातले कितीतरी रविवार घालवले, आणि त्यांतले बहुतेक कोरडे गेले. "आज तरी आली का हो?" असे सौभाग्यवती विचारीत. शेजाऱ्यांना वाटे, आमची मोलकरीण फार खाडे करते.

१९९७ साली बाबा मुंबईला आले. मी त्यांना मोठ्या हौसेने दादरचा समुद्र दाखवायला नेले. ओहोटी होती. बराच वेळ पाहून ते म्हणाले, "हो निजललो आसा. उठवूक जाव नको."

तो उठला २००५ च्या २६ जुलैला. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच दुपारी साडेचार मीटरच्या आसपास भरती होती. समुद्र पाणी घेईना, म्हणून मिठी नदी आणि नाले शहरात उलटले. अंधेरीहून दादरपर्यंत मी कमरेइतक्या पाण्यातून चालत आलो. शेकडो माणसे हात धरून चालली होती. घड्याळावर जगणारे सारे शहर त्या दिवशी भरतीच्या तालावर चालत होते. आता पावसाळ्यापूर्वी साडेचार मीटरवरच्या भरत्यांची यादी वर्तमानपत्रांत छापून येते, आणि एरव्ही समुद्राकडे पाठ करून बसणारी माणसेही ती कापून ठेवतात.

बाबा आज नाहीत. पगार मात्र त्यांच्या शब्दाप्रमाणे महिन्याच्या महिन्याला येत राहिला. त्या पगारावर घर झाले, मुलीचे शिक्षण झाले. आठ बावीसची लोकल, सकाळी सहाचे नळाचे पाणी, एक तारखेचा पगार या तीन खुंट्यांवर माझे आयुष्य नीट वाळत पडले. पण सोमवारपासून ज्याची वाट पाहावी असे काही त्या तिन्हींत नव्हते. जे येणारच, त्याची माणूस वाट पाहत नाही. तो फक्त ते आले की नाही हे तपासतो. वाट पाहायची ती लाटेचीच.

मुलीला अर्नाळ्याच्या कोरड्या रविवारांतच हे वेड लागले. तिने मात्र रीतसर फळी घेतली. गेल्या वर्षी तिला बंगळूरला नोकरी लागली. पगार घसघशीत आणि समुद्र साडेतीनशे किलोमीटर दूर. तिला पोहोचवायला गेलो, तेव्हा बाबांचे वाक्य माझ्या ओठांवर आले होते. तेवढ्यात बसवाल्याने त्या लांबलचक गाठोड्याकडे पाहून विचारले, "हे काय, इस्त्रीचे टेबल?" आणि ते सांगायचे राहून गेले. बरेच झाले. पगारावर भरवसा ठेवायला तिला कोणी शिकवण्याची गरज नव्हती.

महिन्याभराने ती शुक्रवारच्या रात्रीची बस धरून मुल्कीच्या किनाऱ्यावर गेली. रविवारी दुपारी तिचा फोन आला. "दोन दिवस पाणी नुसते आरशासारखे, बाबा. एकसुद्धा लाट नाही."

मी म्हटले, "मग?"

"मग काय? पुढच्या शनिवारचं तिकीट काढलंय."