लांबी

गेल्या महिन्यात कपाटावर धूळ खात पडलेलं मिग-२१चं मॉडेल पुन्हा खाली काढलं. १/७२ मापाचं, जेमतेम वीतभर. २६ सप्टेंबर २०२५ला चंदीगडला खऱ्या मिगांना निरोप दिला, तेव्हा बाबांनी तो कार्यक्रम टीव्हीवर एक शब्द न बोलता पाहिला होता. नोकरीभर ओझरच्या कारखान्यात हीच विमानं उघडली-जोडली त्यांनी. म्हटलं, आता हे पुरं करूच.

ज्यांनी हा उद्योग कधी केला नाही त्यांच्यासाठी: विमानाचं धड डावं-उजवं अशा दोन फाकांत येतं. चिकटवलं की पाठी-पोटावर सांध्याची रेघ उरते. तिथे लांबी भरायची, अगदी सुतार भरतो तशी. ती वाळताना आकसते, म्हणून घाई केली तर रंगाखालून खळगी डोकावते. मी दोनदा भरली, रात्रभर ठेवली, मग चारशे, सहाशे, हजारचा पॉलिशपेपर पाण्यात बुडवून घासलं. बोट फिरवलं तर काचच. स्वारी जाम खूश!

बाबांनी चष्मा पुसून ते उलटसुलट पाहिलं. "शेपूट कुठून काढणार?"

मला कळेना.

"अरे, इंजिन बाहेर काढायचं तर मागचं धड सोडवून मागे ओढावं लागतं. तिथे गोल सांधा असतो. तो बुजवलास की तू."

घासण्याच्या भरात खरी रेघही गेली होती. मग तासभर ते शेपूट कसं सोडवायचं, कोणी कुठे उभं राहायचं, सगळं निघालं. इतकं बोललेले मी कित्येक महिन्यांत ऐकले नव्हते.

रेघ पुन्हा कोरायला जाड चिकटपट्टीची कड धरून सुई ओढावी लागते. "दे, मी करतो," म्हणाले. त्यांचे हात हल्ली थरथरतात. द्या इकडे, असं ओठांवर आलं होतं, गिळलं. डाव्या बाजूला सुई जरा घसरलीच. दोघांनीही पाहिलं, कोणी काही बोललं नाही.

कॅनॉपीचं मास्किंग मात्र त्यांनी माझ्यावर सोपवलं. टेप बसवून नव्या पात्याने चौकटीच्या कडेने कापायची, नख फिरवून दाबायची, आधी पारदर्शक वॉर्निशचा हात द्यायचा म्हणजे रंग टेपखाली झिरपत नाही. आणि रंग पुरता कडक व्हायच्या आत टेप काढायची, नाहीतर कडा उचकटतात.

परवा सकाळी रंग मारला. चहा होईपर्यंत बाबा दोनदा टेबलापाशी जाऊन आले. तिसऱ्यांदा चिमटा हातात घेऊनच म्हणाले, "ओढू?"